ताऱ्याचा उजेड मोजतात म्हणजे नेमकं करतात काय

इंदूरच्या राजेंद्रनगरहून प्रश्न आलाय, होळकर सायन्स कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या एका मुलीचा. थोडक्यात असा: काका, मी गच्चीवरून डीएसएलआर आणि ५० एमएमच्या लेन्सनं अलगोलचे फोटो काढतेय, फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून ताऱ्यावर क्लिक केलं की एक आकडा येतो, पण सोमवारी ८,४०० आला, मंगळवारी ६,१०० आणि गुरुवारी परत ९,०००, तर तारा बदलला की माझंच काही चुकतंय? आणि पुस्तकात सरळ २.१२ लिहिलेलं असतं ते शास्त्रज्ञ कुठल्या मीटरनं मोजतात?

बाकीच्यांसाठी सांगतो, अलगोल हा ययाती तारकासमूहातला तारा, त्याचा मंद जोडीदार ठरावीक दिवसांनी त्याच्या समोरून जातो तेव्हा ग्रहण लागून उजेड घसरतो, आणि २.१२ हे त्याचं मॅग्निट्यूड, म्हणजे उजळपणाचा आकडा, तो मोठा तितका तारा मंद. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. असा मीटर नसतो. लडाखमधल्या हॅनलेच्या दुर्बिणीवर नसतो नि अंतराळातल्या हबलवर पण नाही. जे असतं ते आलेले फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, गोळा करून मोजणारं यंत्र, आणि त्याचा आकडा एकटा असेल तर कवडीच्या कामाचा नाही. त्याच फ्रेममध्ये, त्याच क्षणी, त्याच हवेतून आलेला दुसरा एखादा तारा, ज्याचं मॅग्निट्यूड आधीच पक्कं माहीत आहे, त्याच्याशी ताडून बघेपर्यंत त्या आकड्याला अर्थच येत नाही. सराफ्यात दिवसा गेलीस तर एखाद्या जुन्या सोनाराकडे अजून पारड्यांचा तराजू दिसेल, एकीकडे दागिना, दुसरीकडे माप. माप नसेल तर काटा कितीही नाजूक असू दे, वजन सांगता येत नाही. तुझ्याकडे काटा चांगला आहे, माप ठेवायचं राहिलंय एवढंच.

म्हणून पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. तेच तिन्ही दिवसांचे फोटो परत उघड आणि अलगोलच्या जोडीला ययातीतल्याच डेल्टा ताऱ्यावर क्लिक कर. डेल्टाचं मॅग्निट्यूड ३.०१ आहे, अलगोल नेहमीच्या अवस्थेत २.१२, म्हणजे अलगोलचा आकडा डेल्टाच्या साधारण २.२७ पट यायला पाहिजे. सोमवारी अलगोल ८,४०० होता तर डेल्टा ३,७०० च्या आसपास असेल असं धरू. आता मंगळवारी अलगोल ६,१०० ला आला तेव्हा डेल्टा पण २,७०० ला उतरला असेल तर गोष्ट संपली, वर धूर होता किंवा पातळ ढग होता, ताऱ्याला काही झालेलं नाही. पण डेल्टा ३,७०० वरच उभा असेल तर मात्र मजा आहे, कारण मग गुणोत्तर १.६५ होतं, त्याचं लॉगरिदम काढून २.५ नी गुणलं की ०.५४ येतं, म्हणजे अलगोल त्या वेळी ३.०१ वजा ०.५४, बरोबर २.४७ ला होता, आणि याचा अर्थ तुझ्या कॅमेऱ्यात ग्रहण लागताना किंवा सुटताना सापडलंय. (रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं काही फेरफार न केलेल्या, असतील तरच हा हिशोब धड बसेल, त्याचं खाली सांगतो.) बघ, तुझा नुसता ६,१०० हा आकडा या दोन्ही गोष्टींना सारखाच बसतो. तो जवळ धरून वर्षभर विचार केलास तरी कुठली खरी ते कळणार नाही.

ही पद्धत पोरासोरांची नाही हं. दुसऱ्या ताऱ्यांसमोरून जाणारे ग्रह शोधतात तेव्हा ताऱ्याचा उजेड एक-दीड टक्क्यानं कमी होतो, कधी त्याहून कमी, आणि तो पकडतात तो याच रीतीनं, त्याच फ्रेममधल्या शेजारच्या ताऱ्यांशी ताडून. जंबुक तारकासमूहातला एचडी १८९७३३ नावाचा तारा साडेसातच्या पुढच्या मॅग्निट्यूडचा आहे, त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी आडवा जातो आणि उजेड अडीच टक्क्यांच्या जवळपास घसरतो, आठ इंची दुर्बीण आणि नीट कॅमेरा असेल तर तो गच्चीवरून पण सापडतो.

आता फोटॉनचा हिशोब करू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या शंका आपोआप जातात. मॅग्निट्यूडचा नियम असा की पाच मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे बरोबर १०० पट, एकाचा फरक म्हणजे २.५१२ पट, आणि आकडा मोठा तितका तारा मंद. अभिजित तारा, म्हणजे व्हेगा, शून्याच्या आसपास आहे. शून्य मॅग्निट्यूडच्या ताऱ्याकडून हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात, ज्याला व्ही बँड म्हणतात, वातावरणाच्या बाहेर दर चौरस सेंटीमीटरवर दर सेकंदाला ढोबळमानानं दहा लाख फोटॉन पडतात. हा एक आकडा पाठ कर, बाकी सगळं त्याच्यावरून निघतं. अलगोल २.१ म्हणजे जवळपास सात पट कमी, दीड लाखाला थोडे कमी. तुझी ५० एमएमची लेन्स एफ/४ ला ठेवलीस तर तोंड साडेबारा मिलिमीटरचं, क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेदोन लाख, पाच सेकंदात साडेआठ-नऊ लाख. यातले काही हवा खाते, काही काच खाते, हिरवे पिक्सेल सेन्सरवर निम्मेच असतात, आणि पिक्सेलवर पडलेला प्रत्येक फोटॉन काही पकडला जात नाही. सगळी वजाबाकी करून लाखभर हातात राहतात. लाख म्हणजे भरपूर.

दुसऱ्या टोकाला १५ मॅग्निट्यूडचा तारा घे. त्याच्याकडून चौरस सेंटीमीटरला सेकंदाला एक फोटॉन. फक्त एक. आठ इंची दुर्बिणीचा आरसा तीनेकशे चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे तीनेकशे फोटॉन सेकंदाला, आणि नैनितालजवळ देवस्थळला जी ३.६ मीटरची दुर्बीण २०१६ साली सुरू झाली तिच्या आरशावर तेवढ्याच वेळात लाखभर. लोक विचारतात मोठी दुर्बीण कशाला, जास्त मोठं दिसतं म्हणून का, तर नाही, मुख्य कारण हे आहे.

आणि डोळा? काळोखात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, सहाव्या मॅग्निट्यूडच्या ताऱ्याचे सेकंदाला हजार-दीड हजार फोटॉन तिच्यातून आत जातात, पण डोळा साठवत नाही, सेकंदाच्या दहाव्या भागात आधीचं विसरून नवीन बघायला लागतो. सेन्सर साठवतो. सगळा फरक तिथे आहे.

सेन्सरमध्ये होतं काय ते पण थोडक्यात. फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, तो इलेक्ट्रॉन त्या पिक्सेलच्या खड्ड्यात जमा होतो, एक्सपोजर संपलं की खड्डा रिकामा करून व्होल्टेज मोजतात आणि त्याचा आकडा करतात. किती इलेक्ट्रॉनला एक आकडा, त्याला गेन म्हणतात, म्हणून दोन कॅमेऱ्यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, तुझ्या मैत्रिणीच्या कॅमेऱ्यात तोच अलगोल २०,००० दाखवेल आणि ती पण बरोबरच असेल. दुर्बिणींवर वापरतात तो अशाच सेन्सरचा प्रकार, सीसीडी, १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी काढला, त्यासाठी दोघांना २००९ चं नोबेल मिळालं. त्याआधी फोटोग्राफिक प्लेट होत्या, त्या शंभर फोटॉनमधले एक-दोन पकडायच्या आणि वर परत दुप्पट उजेडाला दुप्पट काळेपणा येईलच असं नाही. चांगला सीसीडी शंभरातले ८०-९० पकडतो आणि दुप्पट उजेडाला दुप्पट आकडा देतो. हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा आहे असं माझं मत. कमी उजेड असेल तर जास्त वेळ थांबता येतं, पण जे यंत्र सरळ प्रमाणात बोलत नाही त्याच्याशी ताडणार काय?

मधल्या काळात फोटोमल्टिप्लायर नळ्या होत्या, एका वेळी एकच तारा मोजायच्या पण वेगानं. आपल्याकडची मोठी गोष्ट त्याच काळातली. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता, तमिळनाडूत कवलूरला १ मीटरच्या दुर्बिणीवर फोटोमीटर, म्हणजे तसली नळी बसवलेलं यंत्र, लावून बसले होते, आणि ग्रह ताऱ्यावर यायच्या आधीच ताऱ्याचा उजेड काही सेकंद घसरला. तिथल्या लोकांना आधी वाटलं नवा उपग्रह असेल. त्याच घटनेच्या बाकी ठिकाणच्या, विशेषतः अमेरिकेच्या विमानातल्या दुर्बिणीच्या नोंदी जुळवल्यावर कळलं की युरेनसला कडी आहेत. कडी कुणाला दिसलेली नव्हती, नुसती उजेडाची रेघ खाली गेली होती.

आता तुझे आकडे कशामुळे हलतात ते. सगळ्यात पहिलं, जेपेग. तू सांगितलं नाहीस पण मला नव्वद टक्के खात्री आहे की जेपेगच टाकतेयस. जेपेग कॅमेऱ्यानं डोळ्याला बरी दिसावी म्हणून बनवलेली असते, तिच्यात उजळ भाग दाबलेला असतो, गडद भाग उचललेला असतो, कडा तासलेल्या असतात, आणि नॉइज काढायच्या नादात कॅमेरा बारीक तारे पण पुसून टाकतो. सरळ प्रमाण म्हणतो ना ते जेपेगमध्ये उरतच नाही. रॉ फाइल घे, आणि त्यातला फक्त हिरवा चॅनल काढून वापर. याला पर्याय नाही, कितीही चांगलं सॉफ्टवेअर असू दे.

दुसरं, सॅच्युरेशन. चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये पिक्सेल १६,३८३ च्या वर मोजूच शकत नाही, आणि बरेच कॅमेरे त्याच्या आधीच हात टेकतात. अलगोल उजळ आहे, फोकस अगदी टोकदार केलास तर मधले दोन-चार पिक्सेल भरून वाहतील आणि जे वाहून गेलं ते मोजलंच गेलं नाही. म्हणून फोकस मुद्दाम जरासा बिघडव, तारा छोटी चकती दिसू दे, फोटो बघणाऱ्याला आवडणार नाही पण आपल्याला फोटो दाखवायचा नाहीये. सगळ्यात उजळ पिक्सेल दहा हजाराच्या खाली राहतोय एवढं बघ. आयएसओ १०० किंवा २००, त्याच्या वर जाऊ नको, आयएसओ वाढवून फोटॉन वाढत नाहीत, फक्त खड्डा लवकर भरल्यासारखा होतो.

तिसरं, तारा फ्रेममध्ये कुठे होता. लेन्स कोपऱ्यात कमी उजेड टाकते, अगदी एफ/१.८ ला उघडली असेल तर कोपरा मधल्यापेक्षा निम्म्याच्या आसपास जाऊ शकतो. सोमवारी अलगोल मधे आणि मंगळवारी कडेला असेल तर आकडा तिथेच गडबडला. यासाठी फ्लॅट घेतात, म्हणजे एकसारख्या उजळ पांढऱ्या गोष्टीचा फोटो, सूर्य मावळल्यावरचं डोक्यावरचं आकाश किंवा लॅपटॉपची पांढरी स्क्रीन त्यावर पातळ पांढरा कपडा टाकून, आणि मग ताऱ्याच्या फोटोला त्यानं भागतात. भागायच्या आधी डार्क वजा करतात, डार्क म्हणजे लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचा फोटो, कारण उष्णतेनं पण इलेक्ट्रॉन सुटतात आणि सेन्सरला कळत नाही की हा उजेडाचा आहे का उन्हाळ्याचा. हा प्रवाह दर सहा-सात अंश गार केलं की निम्मा होतो, म्हणून मोठ्या कॅमेऱ्यांना कूलर असतो. तू डिसेंबरात पाच सेकंदांची फ्रेम घेतेयस, तुला डार्कनं फार फरक पडणार नाही, तरी सवय लाव, मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर तोच सेन्सर वेगळाच वागतो.

चौथं म्हणजे हवा, आणि इथे जरा थांबायला पाहिजे. डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड हवेच्या एका थरातून येतो, तारा क्षितिजापासून ३० अंशावर असेल तर दोन थरांतून. स्वच्छ डोंगरावर एका थरात व्ही बँडला ०.१२-०.१५ मॅग्निट्यूड जातं, आपल्याकडे सपाटीवर दिवाळीनंतरच्या धुरात नि धुळीत ०.३ म्हणजे चांगली रात्र समज. आणि ते रात्रभर एकसारखं नसतं, दहा वाजता एक असतं, एक वाजता दुसरं. म्हणून तर माप त्याच फ्रेममधलं पाहिजे, मोबाइलमध्ये हवामान बघून दुरुस्ती करू म्हणशील तर जमणार नाही. अलगोलचं बरं आहे, इंदूरहून तो उत्तरेला ७० अंशांच्या वर चढतो, डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊ-दहाला, तेव्हाच घे. ३० अंशांच्या खाली असताना घेऊ नको, तिथे अलगोल आणि डेल्टा यांच्यामधल्या दहा अंशांच्या अंतरात पण हवेचा फरक पडायला लागतो.

अजून एक हवेचंच. तारा लुकलुकतो ना, त्यात उजेड खरोखर कमी-जास्त होत असतो, आणि लेन्सचं तोंड जितकं लहान तितकं जास्त. वर आपण हिशोब केला की तुला लाखभर इलेक्ट्रॉन मिळतात. मोजणीतली अनिश्चितता त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे तीनशेच्या आसपास, लाखात तीनशे म्हणजे ०.३ टक्के. कागदावर झकास. पण साडेबारा मिलिमीटरच्या तोंडाला पाच सेकंदात लुकलुकण्याची चूक दोनेक टक्के सहज येते, सात पट जास्त! मग कॅमेरा महाग घेऊन काय उपयोग, उपाय एकच की एका फोटोवर भरवसा ठेवायचा नाही, लागोपाठ वीस-पंचवीस फ्रेम घ्यायच्या, प्रत्येकीत वेगळं मोजायचं आणि सरासरी काढायची, वीस फ्रेममध्ये चूक साडेचार पट खाली येते. आणि त्या वीस आकड्यांचा पसारा किती ते बघायचं, कारण तुझी खरी चूक तोच सांगतो. चुकीशिवाय नुसतं २.४७ लिहिलेलं मी तरी वाचत नाही.

शहराच्या उजेडाचं लोक रडगाणं गातात, मी पण गातो, पण ते कुठे लागू होतं ते समजून घे. सॉफ्टवेअर ताऱ्याभोवती एक गोल काढतं आणि त्याच्या बाहेर एक कडं काढतं, कड्यातून आकाशाचा उजेड किती ते मोजून गोलातून वजा करतं. मग वजाच केलं तर त्रास कसला? त्रास असा की वजा होते ती सरासरी, तिची थरथर वजा होत नाही. समजा ताऱ्याचे १,००० इलेक्ट्रॉन आणि गोलात आकाशाचे २०,०००. एकूण २१,००० चं वर्गमूळ १४५, म्हणजे हजारावर १४५ ची चूक, साडेचौदा टक्के. तेच आकाश पूर्ण काळं असतं तर हजाराचं वर्गमूळ ३२, तीनच टक्के. म्हणून मंद ताऱ्यांसाठी महूच्या पुढे मानपूरकडे किंवा जानापावला जावं लागतं, पण अलगोलसारख्या उजळ ताऱ्याला राजेंद्रनगरची गच्ची पुरते, रस्त्यावरच्या एलईडीचा थेट झोत लेन्समध्ये येत नाही एवढं बघितलं की झालं. चंद्र असला तरी चालतं. उजळ बदलणारे तारे हे शहरातल्या लोकांचंच काम आहे असं मी म्हणतो, मोठ्या दुर्बिणी त्यांच्याकडे बघूच शकत नाहीत, एका झटक्यात सॅच्युरेट होतात. मृगातला काक्षी, म्हणजे बेटेलज्यूस, २०१९ च्या शेवटापासून मंद होत होत फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ च्या आसपास गेला तेव्हा रोजच्या नोंदींत हौशी लोकांचा वाटा मोठा होता.

तुलनेचा तारा निवडताना मात्र लोक हमखास फसतात ते अलगोलच्याच भागात. अलगोलच्या अगदी शेजारी एक छान तारा दिसतो, ऱ्हो पर्सेई (पर्सेई म्हणजे ययातीतला), जवळ आहे म्हणून तोच घेतात, आणि तो स्वतःच बदलणारा आहे, ३.३ ते ४.० मधे हलतो. माप म्हणून त्याला हात लावू नको. देवयानीतला गॅमा, अल्माक, मॅग्निट्यूडनं जुळतो, २.१, पण तो नारिंगी आहे आणि अलगोल निळसर-पांढरा, आणि रंग वेगळा असला की तुझ्या कॅमेऱ्याचा हिरवा फिल्टर त्याला वेगळा न्याय देतो. डेल्टा पर्सेई निळसर आहे, म्हणून तो बरा. आणि डेल्टावर पण आंधळा विश्वास नको, मिरफाक, ययातीतला अल्फा, १.७९ चा, त्याला तपासणीसाठी ठेव: डेल्टाच्या मापानं मिरफाक मोज, तो रोज १.७९ च्या जवळ आणि रोज सारखाच आला तर तुझी रात्र चांगली, नाही आला तर त्या रात्रीचा अलगोल पण टाकून दे.

रंगाचं एवढं सांगतो की व्यावसायिक लोक ठरलेले फिल्टर वापरतात, यू, बी, व्ही, आर, आय, आणि बी मधला आकडा वजा व्ही मधला आकडा हा ताऱ्याच्या तापमानाचा अंदाज देतो, सूर्याचा ०.६५, अभिजितचा शून्य, काक्षीचा १.८ च्या वर. उजेड पूर्ण फाकवला तर स्पेक्ट्रम मिळतो, त्यात मूलद्रव्यं, वेग सगळं येतं, १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात जान्सेन यांनी गुंटूरला स्पेक्ट्रोस्कोप लावूनच ती पिवळी रेघ बघितली जी पुढे हेलियमची निघाली. पण तो वेगळा विषय, आणि फोटॉन एवढे फाकवायचे तर ते भरपूर लागतात. रेडिओचं तर अजूनच वेगळं, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेना फोटॉन मोजत नाहीत, लाटेचं व्होल्टेज नोंदवतात. तरी माप तिथेही लागतं, तेही अधूनमधून अँटेना एखाद्या माहीत असलेल्या उजळ स्रोताकडे फिरवतात आणि मग परत आपल्या कामाच्या जागी येतात. उज्जैनच्या वेधशाळेतली जयसिंहाची यंत्रं तू बघितली असशील, ती ताऱ्याची जागा मोजतात, उजेडाचा त्यांच्याशी संबंध नाही, लोक सगळं एकात घालतात म्हणून सांगितलं.

आता खरा किचकट प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण विचारायला हवा होता: डेल्टाचं ३.०१ कुणी ठरवलं? दुसऱ्या ताऱ्यावरून. आणि त्याचं? अजून दुसऱ्यावरून. ही साखळी कुठे तरी जमिनीला टेकली पाहिजे. १०० पटीला पाच मॅग्निट्यूड हा नियम १८५६ साली नॉर्मन पॉग्सन यांनी मांडला, आणि हाच माणूस पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्यांच्या हाताखालच्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा तारा बदलतो हे दाखवलं. पण पॉग्सनचा नियम गुणोत्तर सांगतो, शून्य कुठे ठेवायचं ते नाही. शून्य अभिजितवर ठेवलं. मग अभिजितचा उजेड वॅटमध्ये किती? ते काढायला १९७० च्या आसपास अमेरिकेत लोकांनी दुर्बिणीपासून लांब जमिनीवर भट्टी ठेवली, तांबं किंवा प्लॅटिनम ज्या तापमानाला गोठतं त्या तापमानाची, कारण तेवढ्या तापमानाची काळी पोकळी किती उजेड देते ते भौतिकशास्त्रातून निघतं, आणि दुर्बीण एकदा भट्टीकडे, एकदा अभिजितकडे फिरवून दोन्ही ताडले. मधल्या हवेचा हिशोब करताना बिचाऱ्यांचा जीव गेला असेल. आणि एवढं करून पुढे कळलं की अभिजित प्रचंड वेगानं फिरतो, आपण त्याला ध्रुवाच्या बाजूनं बघतोय, आणि १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला त्याच्याभोवती धूळ सापडली, म्हणजे आपलं शून्यच जरा अडचणीचं. आता हबल वगैरे काही श्वेत बटूंवर, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या तापलेल्या गाभ्यांवर, जास्त भरवसा ठेवतात, त्यांचं वातावरण जवळपास नुसतं हायड्रोजनचं, त्यामुळे उजेड किती यायला पाहिजे ते गणितानं बरंच नेमकं सांगता येतं. तुझ्या ३.०१ च्या मागे एवढी वंशावळ आहे.

तर पुढचं काम असं. अलगोलचं ग्रहण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी येतं, उतरणं-चढणं मिळून दहाएक तास चालतं आणि तळाला तो ३.४ पर्यंत जातो. आज रात्री बाराला तळ असेल तर तीन दिवसांनी रात्री पावणेनऊला असेल, त्याच्या तीन दिवसांनी संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे उजेडात गेला. तेव्हा जी रात्र नऊ ते बाराच्या मधे बसते ती पकड, आधी दोन तास, नंतर दोन तास, दर दहा मिनिटांनी वीस फ्रेम. वेळापत्रक एएव्हीएसओच्या (AAVSO), म्हणजे १९११ पासून चालू असलेल्या बदलणाऱ्या ताऱ्यांच्या त्या अमेरिकन संघटनेच्या साइटवर मिळेल, तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशे पण तिथेच. कॅमेऱ्याचं घड्याळ त्या दिवशी मोबाइलवरून लाव, कॅमेऱ्यांची घड्याळं महिन्याभरात मिनिट-मिनिट सरकतात आणि ग्रहणाच्या तळाची वेळ हाच तर तुझा निकाल आहे. नोंद पाठवताना वेळ यूटीमध्ये, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, मध्यरात्रीनंतरच्या फ्रेमला तारीख आदल्या दिवसाची होते ते विसरू नको. आणि बँडच्या रकान्यात व्ही लिहू नको, डीएसएलआरचा हिरवा तो खरा व्ही नाही, रंगाची दुरुस्ती करेपर्यंत त्याला टीजी लिहितात.